दोन नकाशे, एक मेंदू

उचगावच्या शिवाराचे दोन नकाशे आपल्यापुढे आहेत असे समजा. एक मोजणीचा, नुसत्या सर्व्हे नंबरांचा. दुसरा पिकांचा, भात हिरवे, रताळी तांबडी. दुसरा पारदर्शक कागदावर काढून पहिल्यावर ठेवला. तो नीट बसला हे कसे ओळखावे? रंग आणि आकडा यांत साम्य ते कोणते? पण एका नंबरात एकच रंग येऊ लागला, की बसला म्हणावे. कागद जरा सरकला, की एकाच शेतात भात आणि रताळी!

मेंदूच्या चित्रांचेही असेच आहे. सी. टी.मध्ये कवटीचे हाड पांढरे दिसते, एम. आर. आय.मध्ये तेच काळे. तेव्हा पांढऱ्यावर पांढरे ठेवून भागत नाही. 1995 च्या सुमारास अमेरिका व बेल्जियममधील संशोधकांनी निराळे माप सुचविले: एका चित्रातील छटा कळली असता दुसऱ्यातील छटेचा अंदाज कितपत येतो? संगणक तीन सरकण्याचे व तीन वळण्याचे असे सहा आकडे बदलीत जातो आणि हे माप सर्वाधिक होईल तेथे थांबतो. कवटी मेंदूला जागच्या जागी धरून ठेवते म्हणून सहा पुरतात. शस्त्रक्रियेत ती उघडली, की मेंदू किंचित खचतो व हिशेब बिघडतो.

किरणोपचारात गाठ एम. आर. आय.वर स्पष्ट दिसते, पण किरणांची मात्रा सहसा सी. टी.वरून काढतात. जुळणी दोन-तीन मिलिमीटर चुकली, तर गाठीचा काठ सुटतो किंवा शेजारची दृष्टीची नस भाजते. म्हणून संगणकाने जुळविलेली चित्रेही डॉक्टर एकावर एक ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी तपासतात.