शेजाऱ्यांचं वायफाय दिसतं, आमचंच का दिसत नाही?

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपपर्यंत वायर ओढायची नव्हती, म्हणून भाच्याने अमेरिकेहून यूएसबीचं वायफाय कार्ड आणून दिलं. ड्रायव्हर टाकला, कार्ड सुरू झालं. पण शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, आमचंच दिसत नाही. मोबाइलवर मात्र तेच नेटवर्क नीट दिसतं. पावसाळ्यात हा त्रास वाढतो आणि एखाद्या दिवशी आपोआप जातो. हा पावसाचा परिणाम का? दुसरं असं की, आजोबा रेडिओचा परवाना पोस्टातून काढत. तसा या कार्डाला लागतो का?
– एक वाचक, कामशेत (ता. मावळ)

उत्तर : पावसावर संशय येणं साहजिक आहे. लोणावळ्याकडून जोराची सर आली की डिशचं चित्र अडकतं, हे मावळात कुणाला सांगायला नको. पण डिशच्या लहरी १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, लांबीला जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्यांना पावसातून काही किलोमीटर यावं लागतं आणि थेंब त्यांना शोषतात, विखरून टाकतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या आणि त्यांचा प्रवास घरातल्या घरात. थेंबांचा त्यांना जवळपास काहीच उपद्रव होत नाही. ओल धरलेली दगडी भिंत थोडा सिग्नल खाते, हे खरं. पण भिंतीचाच दोष असता तर आधी शेजाऱ्यांची नेटवर्कं गेली असती.

माझा संशय ‘अमेरिकेहून’ आलेल्या कार्डावर आहे.

२.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा चॅनेलांमध्ये विभागलेला असतो. चॅनेल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्‌झ, पुढचं प्रत्येक चॅनेल ५ मेगाहर्ट्‌झने वर, आणि १३ म्हणजे २४७२. भारतात १ ते १३ ही सगळी वापरता येतात. अमेरिकेत २४८३.५ मेगाहर्ट्‌झच्या पलीकडचा पट्टा दुसऱ्या सेवांसाठी राखीव आहे आणि तिकडे सिग्नल सांडू नये म्हणून नियम कडक आहेत. त्यामुळे तिथे विकायच्या बहुतेक कार्डांमध्ये कंपन्या १२ आणि १३ बंदच ठेवतात. तुमचा राऊटर १३ वर बसला, की भारतातल्या मोबाइलला तो दिसतो. अमेरिकी कार्ड मात्र तिथे डोकावतसुद्धा नाही.

मग पावसाळ्यातच त्रास का? कारण पावसाळ्यात वीज जाते. राऊटरचं चॅनेल सहसा ‘ऑटो’वर असतं. वीज येऊन राऊटर पुन्हा सुरू झाला, की तो आजूबाजूची गर्दी पाहून नवं चॅनेल निवडतो. कधी ६ निवडतो, तेव्हा कार्डाला दिसतो. कधी १३ निवडतो, तेव्हा गायब.

खात्री करून घेणं सोपं आहे. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या आणि नेटवर्क गायब असताना तुमच्या राऊटरचं चॅनेल पाहा. १२ किंवा १३ दिसलं तर चोर सापडला. राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर एक पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. मोबाइलच्या ब्राऊझरमध्ये तो टाका, पासवर्ड देऊन आत शिरा आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं चॅनेल कायम करा. हे तीनच का, तर एक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्‌झ जागा व्यापतं. शेजारची चॅनेलं एकमेकांवर चढतात, ही तीन चढत नाहीत.

चॅनेल आधीच ११ च्या आत असेल, तर यूएसबीचं पोर्ट तपासा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टातून नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होतो. कार्ड काळ्या पोर्टात लावा, किंवा हातभर एक्स्टेन्शन वायर घेऊन डब्याच्या मागून बाहेर काढून टेबलावर ठेवा. लोखंडी डब्यामागे दडलेल्या अँटेनाकडून फार अपेक्षा करू नये.

काही कार्डांच्या सेटिंगमध्ये देश निवडता येतो. तिथे भारतच निवडा. अनेक कार्डांमध्ये मात्र देश चिपमध्येच लिहिलेला असतो. विंडोजमध्ये ‘इंडिया’ केल्याने तो बदलत नाही. म्हणून राऊटरचं चॅनेल बदलणं हाच हमखास उपाय.

देशाची ही भानगड मुळात आहे कशाला? आजोबांचा रेडिओ फक्त ऐकायचा. तुमचं कार्ड बोलतंही, म्हणजे ते छोटं प्रक्षेपण केंद्रच आहे. दुसऱ्या कुणाच्या कामात त्याने अडथळा आणू नये, हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तर ५६०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास हवामान रडारं चालतात. म्हणून अनेक देशांत रडारची चाहूल लागताच राऊटरने ते चॅनेल सोडावं, असा नियम आहे.

आता परवाना. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. आजोबांचं पोस्टातलं पुस्तक त्यातलंच. वायफायपुरतं सरकारने ते बंधन काढलं : २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्‌झमध्ये २०१८ साली मोठी सूट मिळाली. अट शक्तीची आहे. २.४ च्या पट्ट्यात अँटेनाच्या जोरासकट कमाल मर्यादा ४ वॅटची. घरगुती कार्ड साधारण वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं. तेव्हा तुम्हाला परवाना लागत नाही. भारतात विकायच्या यंत्राची मंजुरी उत्पादक किंवा आयातदार काढतो, म्हणून पुढचं कार्ड इथल्याच दुकानातून घ्या. त्याला तेराही चॅनेलं दिसायला हवीत.