मागचें चाक कां थरथरतें ?

मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला गति देणारी सांखळी सर्वांच्या परिचयाची आहे. कांहीं गाड्यांत मात्र तिच्या जागीं पोलादी दांडा असतो. जर्मनीतील बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें १९२३ सालीं आर. ३२ ही गाडी काढली. तींत गिअरबॉक्सपासून निघालेला दांडा चाकापाशीं असलेल्या तिरप्या दंतचक्रांना फिरवीत असे. त्या कंपनीच्या अनेक गाड्यांत ही रचना आजहि आढळते. सांखळी ताणण्याचा त्रास येथें नाहीं. पण दांडा नळींत व चक्रें पेटींत झांकलेलीं असल्यामुळें चाक थरथरूं लागलें कीं दोष डोळ्यांना दिसत नाहीं.

अशा एका गाडीवर ताशीं ७० किलोमीटरच्या सुमारास आम्हांस मागून हिसके बसूं लागले. दांडाच बिघडला असें ठरवून आम्हीं कारागिराकडून मागील पेटी उघडविली. दोन दिवस व बरेच पैसे खर्चून पेटी निर्दोष असल्याचें ज्ञान तेवढें पदरांत पडलें! दोष होता नुकत्याच बसविलेल्या टायरचा. तो रिमवर एके ठिकाणीं नीट बसलाच नव्हता.

थोडें गणित आधीं केलें असतें तर ही फजिती टळती. चाकाचा परिघ २ मीटर धरूं. ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. म्हणजे चाकाचे फेरे सेकंदास १०. दांडा चाकाच्या सुमारें तिप्पट फिरतो. त्याचे फेरे ३०. दांड्याचा सांधा वांकून फिरत असतां एका फेऱ्यांत दोनदां गति कमीजास्त होते; म्हणून त्याचे कंप सेकंदास ६०. तेव्हां टायरचा किंवा रिमचा दोष मोठ्या हिसक्यांनीं जाणवतो, सांध्याचा बारीक थरथरीनें.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा :

(१) मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलावा. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर थरथर बदलली, तर दोष चाकाचा नव्हे.

(२) इंजिन बंद करून, गाडी स्टँडवर व न्यूट्रलमध्यें ठेवून चाक हातानें फिरवावें. रिमजवळ काडी धरून अंतर सर्वत्र सारखें राहतें कीं नाहीं तें पाहावें. टायरच्या कडेची रेघहि तशीच तपासावी व हवा मोजावी.

(३) चाक वर व खालीं धरून हालवावें. तें खुळखुळलें तर बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊंच नये.

(४) थरथर बारीक असून इंजिनानें जोर घेतांच वाढत असेल, तर सांध्याचा संशय घ्यावा.

(५) शेवटीं पेटींतील वंगण काढून पाहावें. धातूचे चकाकणारे कपचे दिसले, तरच पेटी उघडावी.

विद्यार्थिमित्रांनीं दुसरी परीक्षा वडील माणसांच्या देखत करावी व फिरत्या चाकांत बोटें घालूं नयेत. पालकांनींहि थरथर क्षुल्लक मानूं नये. मागच्या चाकावर स्वाराचा जीव अवलंबून असतो. प्रथम उघडें तें पाहावें, मग झांकलेलें उघडावें, एवढा धडा आम्हीं बरीच फी भरून शिकलों. वाचकांना तो फुकट मिळत आहे.