प्लॅन वाढवण्याआधी बँड बघा

तीस एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन सोडून शंभरचा ६९९ रुपयांचा घेतला, तरी बेडरूममध्ये व्हिडिओ गरगरतोच. ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. १८ टक्के जीएसटी धरला तर महिन्याचं बिल ४७१ वरून ८२५ वर गेलं, म्हणजे वर्षाला सव्वाचार हजार जास्तीचे. पुष्कळदा दोष प्लॅनचा नसतोच. फोन भलत्याच बँडवर बसलेला असतो आणि तो बदलायला एक पैसाही लागत नाही.

राउटर साधारण दोन बँडवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतींतून बऱ्यापैकी पार जातो, पण तिथे गर्दी फार. त्यातले एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटांचे राउटर याच तिघांवर, शिवाय ब्लूटूथही इथलंच. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला की हॉलमधला मीटिंगचा आवाज तुटतो, तोही याच बँडवर. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे आणि २०१८ मध्ये केंद्राने त्यातला आणखी बराच भाग परवान्याविना खुला केला. फक्त भिंत त्याला सोसत नाही. एका आरसीसी भिंतीत तो मलूल होतो, दोन भिंतींपलीकडे त्याची आशा सोडा. ५ गिगाहर्ट्झचं हे ‘५जी’ म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे. दुकानात कोणी ‘फाइव्ह जी राउटर’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर त्यात सिम घालायचं की फायबरची वायर लावायची, एवढं विचारा.

अँड्रॉइड फोनवर सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारली की बहुतेक ठिकाणी फ्रिक्वेन्सी आणि लिंक स्पीड दिसतो. राउटरला खेटून उभे असताना तिथे २.४ आणि ७२ एमबीपीएस दिसलं, तर हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडेल. शंभरचा प्लॅन घेऊन उपयोग काय? तोच फोन ५ वर नेला की आकडा ४३३ किंवा ८६७ होतो. सोपा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्यायची. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल ५ वर. स्मार्ट प्लग, बल्ब, दारावरचा कॅमेरा आणि जुना प्रिंटर २.४ वर, कारण यातल्या बहुतेकांना दुसरा बँड कळतच नाही. नवा प्लग जोडताना ‘डिव्हाइस सापडत नाही’ आलं, तर आधी फोन २.४ वर आणून बघा.

आता खर्चाचं. राउटर टीव्हीच्या कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवायला लांब पॅच कॉर्ड लागेल. दोन-तीनशे रुपयांत काम होतं. राउटर एकाच बँडचा असेल तर मात्र बदला. दोन बँडचा साधा राउटर दीड ते अडीच हजारांत येतो, वायफाय ६ चा तीन-चार हजारांच्या घरात. खोक्यावरच्या ‘एसी १२००’ला भुलू नका. ती दोन्ही बँडच्या वेगांची बेरीज आहे, कुठल्याही एका फोनला तेवढं मिळत नाही. त्याहून मोठी गोम मागच्या पोर्टमध्ये असते. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, म्हणजे दोनशेचा प्लॅन दारातच अर्धा होतो. ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका.

कोकणातलं जांभ्या चिऱ्याचं घर किंवा वाड्याच्या दगडी भिंती असतील, तर ५ गिगाहर्ट्झ पुढच्या खोलीत जाईल ही अपेक्षाच नको. अशा वेळी लोक हजार-दीड हजाराचा रिपीटर घेतात. साधा रिपीटर एकाच बँडवर घेतो आणि त्याच बँडवर पुढे देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. दोन डब्यांचं मेश पाच-आठ हजारांना पडतं, पण डब्यांमध्ये दगडी भिंत आली की त्याचेही हाल तेच. माझं मत विचाराल तर कॅट ६ वायर ओढा. मीटरला वीस-पंचवीस रुपये आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी. पलीकडच्या टोकाला घरातला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. त्यात डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन राउटर एकमेकांच्या पायात पाय घालतात.

तिसरा बँड ६ गिगाहर्ट्झचा. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी खुला करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. हा बँड भिंतींपुढे ५ पेक्षाही नाजूक. दोन खोल्यांच्या घरात त्यासाठी दहा-पंधरा हजार मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मोजायचेच असतील तर ‘वायफाय ७’ या शिक्क्यावर जाऊ नका, त्या नावाचे काही राउटर दोनच बँडचे असतात. आणि तुमच्या फोनमध्ये ६ गिगाहर्ट्झची सोय नसेल, तर राउटर कितीही महागाचा आणा, त्या बँडचं नाव यादीत उमटणारच नाही.