पायी यात्रेचे शेवटचे दिवस : सटाणा ते सप्तशृंगगड

प्रास्ताविक

चैत्र महिना लागला की खानदेशातील गावोगावच्या वाटा दक्षिणेकडे वळू लागतात. सप्तशृंगनिवासिनी देवी ही खानदेशातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी होय. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून मान्यता पावलेल्या या स्थानी रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव भरतो. त्यासाठी धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील भाविक मेळ्यामेळ्याने पायी निघतात. साक्री, पिंपळनेर या बाजूचे मेळे ताहाराबादमार्गे सटाण्यास पोहोचतात. धुळे-मालेगाव बाजूचे अनेक मेळे देवळामार्गे जातात. पुढे कळवण व नांदुरी करून सर्वांना गड गाठावयाचा असतो.

सटाणा हे या वाटेवरील महत्त्वाचे विसाव्याचे ठिकाण आहे. येथवर आलेल्या यात्रेकरूचे बहुतांश अंतर चालून झालेले असते आणि गड साधारणपणे दोन-तीन दिवसांच्या चालीवर उरलेला असतो. अंतराच्या हिशेबाने हा भाग लहान आहे. परंतु थकवा, ऊन, गर्दी आणि घाई या चारही गोष्टी याच भागात एकत्र येतात. म्हणून यात्रेच्या या अखेरच्या टप्प्याचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

सटाण्याचा मुक्काम

आरम नदीच्या काठी वसलेले सटाणा हे देव मामलेदार यशवंतराव महाराज यांच्या वास्तव्याने पुनीत झालेले गाव. यशवंत महादेव भोसेकर (१८१५-१८८७) हे इंग्रजी अमदानीत येथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात लोकांची अन्नान्नदशा पाहून त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा केला, ही हकिकत बागलाणात आजही घरोघरी सांगितली जाते. अधिकारपदावर असताना ज्याला लोकांनी 'देव' म्हटले, अशा पुरुषाचे मंदिर उभारून त्याची यात्रा भरविणारे हे गाव आहे. मार्गशीर्ष वद्य एकादशीस येथे त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव व रथयात्रा होते.

देवीच्या वाटेवरील यात्रेकरूने येथे थांबून दर्शन घ्यावे, त्यास आणखी एक कारण आहे. देव मामलेदारांच्या चरित्राचा गाभा म्हणजे दुसऱ्याच्या तहानभुकेची जाणीव. पायी यात्रेच्या शेवटच्या दिवसांत नेमकी हीच जाणीव प्रथम कमी होऊ लागते. गड जवळ आला की पाय आपोआप भराभर पडतात आणि मागे कोण राहिले, याचे भान सुटते. म्हणून सटाण्याचा मुक्काम केवळ देहाच्या विश्रांतीसाठी नाही, तर मेळा पुन्हा एकत्र बांधण्यासाठीही आहे, असे समजावे.

वारीची शिकवण

शेवटचे अंतर कसे चालावे, याचा आदर्श पंढरीच्या वारीने घालून दिलेला आहे. आळंदीहून निघणारी श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालून पंढरपुरास येते. वेळापूरच्या अलीकडील उतारावर वारकरी धावत सुटतात. पंढरीचा कळस दिसताच तुकोबाराय येथून धावत निघाले, अशी श्रद्धा या धाव्यामागे आहे. स्पेनमध्ये सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या पायी वाटेवर, गाव सुमारे पाच किलोमीटर राहिले असता, एक टेकडी लागते. तेथून प्रथम मंदिराचे मनोरे दिसत, म्हणून तिचे नाव 'आनंदाची टेकडी' असे पडले. ध्येय दृष्टीस पडताच उचंबळून येणे हा सर्व देशांतील यात्रिकांचा समान अनुभव आहे.

परंतु वारीची खरी थोरवी धाव्यानंतरच्या शिस्तीत आहे. धावा आटोपला की दिंड्या पुन्हा आपल्या क्रमाने लागतात. आषाढ शुद्ध नवमीस ठिकठिकाणच्या संतांच्या पालख्या वाखरी येथे येऊन थांबतात. त्र्यंबकेश्वराहून निघालेले निवृत्तिनाथ आणि खानदेशातून महिनाभराहून अधिक वाट चालून आलेल्या मुक्ताबाई यांच्या पालख्याही तेथे पोहोचतात. पंढरपूर तेथून अवघ्या काही किलोमीटरवर असते. तरीही कोणी एकटा पुढे निघून जात नाही. दशमीस पंढरपुराहून नामदेवरायांची पालखी सामोरी येते आणि मग ठरलेल्या क्रमाने सर्व पालख्या नगरात प्रवेश करतात. या क्रमात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सर्वांच्या शेवटी असते. सर्वांत मोठा मान सर्वांत मागे चालणाऱ्याचा, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सप्तशृंगगडाच्या वाटेवर वाखरीसारखा ठरलेला तळ नाही. पण प्रत्येक मेळ्याने नांदुरी हीच आपली वाखरी मानावी. पुढच्यांनी तेथे थांबावे, मागच्यांना येऊ द्यावे, मोजदाद करावी आणि मगच घाट चढण्यास आरंभ करावा.

ऊन, पाणी व पाय

चैत्रात या भागातील तापमान ४० अंशांच्या आसपास व कधी त्याहून वर जाते. डांबरी रस्ता हवेहूनही अधिक तापतो. अनवाणी चालण्याचा नवस असलेल्यांनी याचा विशेष विचार करावा. शक्यतो पहाटे चार ते सकाळी दहा व सायंकाळी पाचनंतर चालावे आणि दुपार सावलीत काढावी. दोन दिवसांची चाल एका दिवसात उरकण्याचा मोह या टप्प्यात टाळावा.

घामावाटे पाण्याबरोबर क्षारही निघून जातात. नुसते पाणी पुष्कळ प्याल्याने ही झीज भरून निघत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले सरबत दिवसभर थोडे थोडे घेत राहावे. ओ.आर.एस.ची पुडी असल्यास उत्तम. मीठ अंदाजाने अधिक टाकू नये. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही उष्णतेच्या त्रासाची पहिली लक्षणे होत. तेथेच थांबावे. परंतु एखादा यात्रेकरू असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याचे अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. 'देवीच्या दारात आलो आहोत, आता काही होत नाही,' असे म्हणून अशा माणसास पुढे चालविणे ही श्रद्धा नव्हे.

पायांना आलेले फोड सुईने फोडू नयेत व त्यांची कातडी सोलू नये. फोड आपोआप फुटल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन, जंतुनाशक मलम लावून कोरडी पट्टी बांधावी. मधुमेही यात्रेकरूंच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना जखम झाल्याचे कळतही नाही. त्यांनी अनवाणी चालू नये आणि प्रत्येक मुक्कामी आपले तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. चैत्र नवरात्राचा उपवास असणाऱ्या मधुमेहींनी औषध व आहार यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. उपाशीपोटी औषध घेऊन घाट चढणे जिवावर बेतू शकते.

रस्त्यावरील दक्षता

शेवटच्या रात्री 'थोडेच राहिले' म्हणून अंधारात चालत राहणे ही मोठी चूक होते. दिवसभर चाललेल्या माणसाला चालता चालता डुलकी लागते आणि मागून भरधाव येणारे वाहन त्यास दिसत नाही. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागे एक चालावे. पहाटे व सायंकाळी मेळ्याच्या पुढे एकाने व मागे एकाने दिवा धरावा. कपड्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. झोप आवरत नसल्यास मंदिर, शाळा किंवा मोकळे पटांगण पाहून थांबावे. रस्त्याच्या कडेला कधीही पथारी पसरू नये.

लहान मुले व वृद्ध यांच्या खिशात नाव, गाव व मेळ्यातील दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. गडावरील गर्दीत चुकामूक होणे नित्याचे आहे आणि तेथे प्रत्येक वेळी भ्रमणध्वनी लागेलच असे नाही.

नांदुरी ते मंदिर

नांदुरी हे गडाच्या पायथ्याचे गाव. तेथून सुमारे दहा किलोमीटरचा घाटरस्ता चढून गडावरील गावात पोहोचता येते. हे स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,६०० फूट उंचीवर आहे. गावापासून मंदिरापर्यंत पुन्हा सुमारे पाचशे पायऱ्यांची चढण आहे. म्हणजे सर्वांत खडतर चढ सर्वांत थकलेल्या पायांनी चढावयाचा असतो. घाटात वाहनांची वर्दळ मोठी असल्याने वळणांवर दरीकडील कठड्यावर बसू नये.

कड्याच्या कपारीत देवीची सुमारे आठ फूट उंचीची अठरा भुजांची मूर्ती आहे. २०२२ मध्ये मूर्तीवरील वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढण्यात आला आणि देवीचे मूळ रूप भाविकांसमोर आले. समोरच मार्कंडेय पर्वत आहे. तेथून मार्कंडेय ऋषींनी केलेली स्तुती ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी कथा आहे. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावच्या गवळी-पाटील घराण्यातील मानकरी शिखरावर ध्वज लावतात. चढण्यास अत्यंत अवघड अशा त्या शिखरावर पहाटे फडकणारा ध्वज पाहण्यासाठी हजारो डोळे वर लागलेले असतात. आश्विनातील कोजागरीस नद्यांचे जल कावडीने आणणारे भाविकही याच वाटा तुडवीत येतात.

पायऱ्या चढता न आल्यास

पायी आलेल्या अनेकांच्या मनाला एक प्रश्न टोचत असतो. अखेरच्या दिवशी गुडघा धरला, ताप भरला किंवा फोड चिघळले आणि नांदुरीपासून बसने जावे लागले, तर यात्रा खंडित झाली काय? पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने गेल्यास नवस अपुरा राहिला काय? कित्येक वृद्ध याच भीतीपोटी दुखणे लपवितात आणि ते विकोपास जाते.

याचे उत्तर परंपरेतच आहे. पंढरपुरात गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोहोचू न शकणारा वारकरी कळसाचे दर्शन घेतो, नामदेव पायरीवर मस्तक ठेवतो आणि समाधानाने परततो. त्याची वारी अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. शेकडो मैल चालून त्याने कळस पाहिला, हेच त्याचे दर्शन. गडावरही थकलेले भाविक पहिल्या पायरीस वंदन करून देवीला हात जोडतात. २०१८ पासून गडावर ट्रॉलीची सोय उपलब्ध आहे. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनी ती निःसंकोच वापरावी.

याहून महत्त्वाची गोष्ट मेळ्यातील धडधाकट माणसांची आहे. आजारी सहयात्रेकरूसोबत नांदुरीत किंवा दवाखान्यात कोणीतरी थांबावे लागते. पौर्णिमेचा मुहूर्त चुकेल म्हणून हे काम टाळले जाते. वास्तविक देवी मुहूर्तानंतरही तेथेच असते. एकटा टाकलेला माणूस मात्र त्या रात्रीची आठवण जन्मभर विसरत नाही. म्हणून थांबण्याची पाळी कोणाची, हे प्रत्येक मेळ्याने सटाण्याच्या मुक्कामीच ठरवून ठेवावे. गड समोर दिसू लागल्यावर असा निर्णय घेणे कठीण जाते.

दर्शनानंतर

दर्शन झाले की मनाचा ताण एकदम सैल होतो आणि तोवर दबलेले सर्व दुखणे वर येते. त्यामुळे त्याच दिवशी घाईने उतरू नये. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक ताण येतो. विश्रांती घेऊन, जेवून, पाणी पिऊन मगच परतीस लागावे. परतीचा प्रवास वाहनाने असल्यास चालकाची झोप झाली आहे ना, हे पाहावे. यात्रेच्या वाटेवर प्लास्टिकच्या पिशव्या, पत्रावळी व उष्टे टाकू नये. ज्या गावांनी पाणी पाजले, त्यांच्या शेतात तो कचरा जातो.

पायी यात्रेत माणूस पहिल्या दिवशी उत्साहाने चालतो, मधल्या दिवसांत सवयीने चालतो आणि शेवटच्या दिवसांत केवळ निश्चयाने चालतो. त्या निश्चयाला विवेकाची जोड मिळाली म्हणजे जितके निघाले तितके सर्व जण घरी परततात.

सर्व पदयात्रींची यात्रा सुखरूप व सफल होवो, हीच श्री सप्तशृंगनिवासिनी देवीच्या चरणी प्रार्थना.