अक्षांश-रेखांशांचा रोजचा व्यवहार

राजगुरुनगर, कडूस, चास या भागातून चाकणच्या कंपन्यांकडे पाळीला माणसं नेणाऱ्या गाड्यांसाठी आम्ही एक मोबाईल ॲप बनवतो आणि सांभाळतो. आपली गाडी कुठवर आली हे कामगाराला दिसावं आणि पुढचा थांबा चालकाला कळावा, एवढंच त्याचं काम. पण नाईट शिफ्टला निघालेला माणूस अंधारात फाट्यावर उभा असतो तो याच ॲपच्या भरवशावर. गाडी चुकली तर त्याचा खाडा होतो. म्हणून अक्षांश-रेखांश हाताळताना जे कळत गेलं, ते या कामात नव्याने आलेल्यांसाठी लिहितो आहे.

१. क्रम प्रत्येक वेळी तपासा.

गूगल मॅप्सच्या लायब्ररीत अक्षांश आधी येतो. जिओजेसनमध्ये रेखांश आधी. २०१६ च्या आरएफसी ७९४६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. केएमएलमध्येही रेखांशच आधी, आणि पोस्टजीआयएसमध्ये बिंदू तयार करतानाही तोच क्रम. एका ॲपमध्ये ही सगळी मंडळी एकत्र नांदतात, त्यामुळे उलटापालट होण्याची जागा कायम शिल्लक राहते.

आपल्याकडे हा घोटाळा लवकर पकडला जात नाही, त्याला कारण आहे. राजगुरुनगर साधारण १८.८५ उत्तर, ७३.८९ पूर्व इथे आहे. आकडे उलटले तर बिंदू जातो नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या दक्षिणेला, साठेक किलोमीटरवर, भर समुद्रात. तरीही प्रोग्रॅम तक्रार करत नाही, कारण अक्षांश ९० पर्यंत चालतो आणि ७३ त्यात बसतो. अमेरिकेतल्या शहराचा रेखांश उणे १२२ असेल तर तो अक्षांश म्हणून लगेच नाकारता येतो. महाराष्ट्राचे सगळे रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान, म्हणून आपल्याला ते संरक्षण नाही. मग कुंपण आपणच घालायचं: अक्षांश १५ ते २३, रेखांश ७२ ते ८१. याबाहेरचा थांबा सर्व्हरने स्वीकारूच नये.

२. अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत कुंपणातूनही निसटते.

राजगुरुनगर म्हणजे १८ अंश ५१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५३ मिनिटं पूर्व. कुणी ते सरळ १८.५१ आणि ७३.५३ असं टाइप केलं की बिंदू जातो मुळशी धरणाजवळ. पुणे जिल्हाच, त्यामुळे शंका येत नाही. मिनिटांना ६० ने भागून मगच अंशात मिळवायचं असतं, हे शाळेत सगळेच शिकलेले असतात. एक्सेलच्या लांबलचक यादीत ते राहून जातं. अशी यादी हातात आली की मी दशांशचिन्हापुढचे पहिले दोन अंक वरून खाली वाचत जातो. संपूर्ण यादीत ते कुठेच साठीच्या पुढे जात नसतील तर ती बहुधा मिनिटं आहेत.

३. दशांशस्थळं पाच पुरेत, पण साठवा डबलमध्ये.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून पाचवं स्थळ साधारण एका मीटरचं. थांब्याला तेवढं भरपूर झालं. फोनने चौदा स्थळं दिली म्हणून फोन तेवढा अचूक ठरत नाही. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ७३ च्या आसपासचे आकडे सुमारे पाऊण मीटरच्या पायऱ्यांनी सरकतात. नकाशा मोठा करून पाहिला की गाडीचं चिन्ह अडखळत चालताना दिसतं. जुन्या अँड्रॉइड कोडमध्ये दहा लाखांनी गुणलेले पूर्णांक सापडतात. ती पद्धत उत्तम आहे, फक्त कॉलमच्या नावातच तसं लिहून ठेवा.

४. अचूकतेचं वर्तुळ वाचा, आणि रस्त्याची बाजू साठवा.

अँड्रॉइड प्रत्येक स्थानासोबत अचूकतेचा आकडा मीटरमध्ये देतं. त्या त्रिज्येच्या वर्तुळात फोन असण्याची शक्यता ६८ टक्के असते. म्हणजे तीनांतून एकदा फोन त्या वर्तुळाबाहेर असू शकतो. उघड्या आकाशाखाली हा आकडा पाचेक मीटरपर्यंत येतो. कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कितीतरी वाढतो, कारण उपग्रहाचा संदेश धातूवर आपटून फिरून येतो.

पुणे-नाशिक महामार्गावर याचा अर्थ फार गंभीर होतो. दुभाजकाच्या अलीकडे चाकणला जाणारी गाडी थांबते, पलीकडे मंचरकडे जाणारी. दोन्ही थांब्यांत अंतर काही मीटरांचंच. खूण चुकीच्या बाजूला पडली की माणूस तिथे जाऊन उभा राहतो, समोरून गाडी आलेली दिसते आणि तो कंटेनरच्या रांगेतून रस्ता ओलांडायला धावतो. इथे अचूकता वाढवत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक थांब्यासोबत दिशा वेगळी साठवावी आणि स्क्रीनवर शब्दांत लिहावं: ‘चाकणकडे जाणारी बाजू, पेट्रोल पंपासमोर’. माझ्या मते थांब्याच्या नोंदीतला हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे.

५. सरळ रेषेतलं अंतर नदी ओळखत नाही.

हॅव्हरसाइन सूत्र पृथ्वीची गोलाई धरतं, वाटेतलं पाणी धरत नाही. चासकमान धरणाच्या फुगवट्यापलीकडचं गाव नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने मात्र चांगलाच वळसा पडतो. ‘गाडी एक किलोमीटरवर’ हा संदेश सरळ रेषेवरून कधीच पाठवू नये. हॅव्हरसाइनलाही फाटा देऊन नुसत्या अंशांवर पायथागोरस लावणारा कोड मी पुष्कळ पाहिला आहे. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरचा भरतो, १११ चा नाही. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या रस्त्यावर ही पाच टक्क्यांची चूक दिसतेच.

६. जुना नकाशा कोणत्या आधारावरचा, ते विचारा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. तेच आकडे जसेच्या तसे उचलले तर आपल्या भागात बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो.

७. नावावर विसंबू नका.

राजगुरूंचा जन्म १९०८ साली इथला, म्हणून गाव राजगुरुनगर झालं. तालुका मात्र अजून खेड, आणि लोकांच्या तोंडीही खेडच. नकाशावर ‘खेड’ शोधलं की रत्नागिरी जिल्ह्यातलं खेडही समोर येतं. थांब्याला स्वतःचा क्रमांक द्या. आणि शून्य-शून्य हे स्थान आलं तर ते ‘माहीत नाही’ असं समजा. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे.

८. फोन मराठीत असेल तेव्हा काय होतं, ते पाहा.

जावा किंवा कोटलिनमध्ये स्ट्रिंग डॉट फॉरमॅटने आकड्याचा मजकूर करताना लोकेल दिलं नाही, तर फोनची भाषा धरली जाते. मराठीचे ठरलेले अंक देवनागरी. त्यामुळे फोन मराठीत असलेल्या माणसाच्या ॲपमधून सर्व्हरकडे ‘१८.८५’ असे देवनागरी अंक जातात आणि सर्व्हर विनंती फेटाळतो. गंमत अशी की जावाचा पूर्णांक वाचणारा पार्सइंट देवनागरी अंक बिनबोभाट वाचतो, पण दशांश वाचणारा पार्सडबल चूक दाखवतो. थांब्याचा क्रमांक नीट पोहोचतो, जागा पोहोचत नाही, आणि दोष शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. ज्यांचा फोन इंग्रजीत, त्यांना हे कधीच दिसत नाही. आणि ॲप बनवणाऱ्या बहुतेकांचा फोन इंग्रजीतच असतो.

उपाय एका ओळीचा आहे. यंत्राने वाचायच्या आकड्यांसाठी लोकेल डॉट रूट लिहा, माणसाने वाचायच्या आकड्यांना फोनची भाषा राहू द्या. पुण्या-मुंबईत आणि चाकणच्या पट्ट्यात ॲप बनवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: पुढची आवृत्ती देण्याआधी आपला फोन एक दिवस मराठीत ठेवा आणि त्यावर स्वतःचं ॲप वापरून पाहा.