घोट्याचा कोन

शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहताना तुमचे लक्ष मल्लाच्या खांद्यांकडे जाते. जरा त्याच्या घोट्याकडे पाहा. पाय मातीत रोवून तो पुढे झुकतो, तेव्हा नडगी पावलावर कलते. किती अंश? मुरगळून आखडलेला घोटा कितपत मोकळा झाला, हे फिजिओथेरपिस्ट असे कोन मोजूनच पाहतात. ‘बरे वाटते’ एवढ्यावर भागत नाही.

कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला खडा लोंबकळवा. झाला ओळंबा! एक पाय पुढे टाकून उभ्या असलेल्या मित्राच्या पुढच्या नडगीला कोनमापकाची सरळ कड लावा. गोल कड समोर. टाच न उचलता त्याने गुडघा पुढे वाकवावा. दोरा आणि सरळ कड यांमधला कोन म्हणजे नडगीचा कल.

आता तोच पाय मागे घेऊन, गुडघा ताठ ठेवून मोजा. कोन बहुधा कमी भरेल. पोटरीचा वरचा स्नायू गुडघा आणि घोटा हे दोन्ही सांधे ओलांडतो. गुडघा ताठ होताच तो आधीच ताणला जातो. म्हणून गुडघा कसा होता हे न लिहिता नुसते अंश लिहिले, तर ते माप फुकट.

प्रत्येक वाचन तीनदा घ्या, दोन्ही पायांचे घ्या. एखाद-दुसऱ्या अंशाच्या फरकाने हुरळून जाऊ नका. दुखऱ्या पायावर मात्र हा प्रयोग नको.