पडलेल्या माडाचे लाकूड

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवतात. परंतु या जिल्ह्याचा दक्षिण भाग, विशेषतः पट्टुकोट्टै व पेरावूरणी यांचा परिसर, ओळखला जातो तो माडांच्या बागांसाठी. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले आणि या भागातील असंख्य माड आडवे झाले. उंच जातीचा माड फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. उत्पन्न तर गेलेच; शिवाय पडलेल्या खोडांचे काय करावे हा प्रश्न उरला.

हा प्रश्न केवळ जागेचा नव्हे. कुजत पडलेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या त्या कुजक्या लाकडावर वाढतात आणि पूर्ण वाढलेला भुंगा शेजारच्या उभ्या माडाच्या शेंड्यात शिरून न उमललेली पाने कुरतडतो. अशी पाने पुढे उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. तेव्हा खोड वेळीच कापून कामास लावणे हा वाचलेली बाग राखण्याचाच एक भाग होय.

माडाचे लाकूड सागासारखे नसते. सागाचा गाभा टणक असतो. माडाचे नेमके उलट. त्याचा कडेचा भाग कठीण आणि मधला भाग भुसभुशीत असतो. बुंध्याकडील बाहेरच्या लाकडाचे वजन दर घनमीटरला ६०० किलोग्रॅमहून अधिक भरते, तर गाभ्याचे ४०० हून कमी. माडाला फांद्या नसल्यामुळे लाकडात गाठी मात्र आढळत नाहीत. बाहेरच्या कठीण तंतूंमुळे करवतीची धार लवकर बोथट होते, आणि गिरमिटाने आधी भोक पाडल्याखेरीज खिळा ठोकल्यास फळी चिरते.

यावरून कोणता भाग कशाला वापरावा हे ठरते. बुंध्याकडील कडेच्या पट्ट्यांचे दुधी-कारल्याच्या मांडवाचे खांब, कुंपणाची दांडकी व बाके होतात. सामान्यतः चूक होते ती येथेच: खांब सरळ मातीत पुरला जातो. ओल्या जमिनीत हे लाकूड प्रक्रियेवाचून दोन-तीन वर्षांतच कुजते. खांब सिमेंटच्या बैठकीवर लोखंडी पट्टीने जमिनीपासून वर धरावा, आणि त्याच्या कापलेल्या टोकांना डांबर फासावे. माथ्यावर पाणी साचू नये म्हणून तेथे उतरता काप द्यावा.

शेंड्याकडील ओंडक्यांचा गाभा छिन्नीने सहज निघतो. कोकणात पोफळीचे खोड कोरून पाण्याची पन्हळ करतात, तीही याच गुणामुळे. असा पोकळ ओंडका तळाशी भोके पाडून फुलझाडांची कुंडी म्हणून वापरता येतो. मात्र ही कुंडी सदैव ओली राहणारी. ती काही वर्षेच टिकते, आणि मऊ पडू लागली की तिच्यातही भुंग्याची वीण होऊ शकते. म्हणून पावसाळ्याच्या आधी व नंतर ती बोटाने दाबून पाहावी, माती उकरून पांढुरक्या, वळलेल्या अळ्या आहेत का ते तपासावे. लाकूड दबू लागल्यास कुंडी फोडून जाळून टाकावी. कोरून काढलेला गाभाही बागेच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नये. तो वाळवून चुलीत घालावा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनकडील वाड्यांत, माड व पोफळी अशाच पाडल्या. तेथील बागायतदारासही खोडे कापताना पहिली करवत लावायची ती बुंध्याकडूनच, कारण कठीण लाकूड तेथेच अधिक मिळते.